पाणमांजरासारखं डोकं

नेटल हरवली हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी माझ्या ताटलीत पावाची कड उरली होती. एरवी ती उरत नाही. न्याहारी संपत आली की टेबलाखालून एक नाक वर येतं आणि कड जाते. त्या सकाळी मी वाकून खाली पाहिलं. खाली फक्त माझे पाय होते.

नेटल माझ्या बायकोची, हिल्डाची कुत्री. हिल्डा वसंतात गेली. नेटल जातीने बॉर्डर टेरियर. आमच्याकडच्या डोंगरात कोल्ह्यामागे बिळात घुसायला मेंढपाळांनी ही जात पाळली. आकार मांजरापेक्षा थोडा मोठा, अंगावर जुन्या पायपुसण्यासारखे केस, आणि स्वभाव असा की पोस्टमनपासून पाद्रीबाबांपर्यंत आमच्या गावात तिने न चावलेला माणूस म्हणजे नवीन राहायला आलेला. हिल्डा दिवसभर तिच्यावर ओरडायची, ती दिवसभर हिल्डावर. घरात गप्प तेवढा मी. हिल्डा गेली आणि नेटलही गप्प झाली.

ती सापडली गावच्या सभागृहात. तिथे बायकांची साप्ताहिक बैठक होती आणि ती हिल्डाच्या खुर्चीवर शांत बसली होती. त्यातल्या प्रत्येकीला ती कधी ना कधी चावलेली. तरी एकीनेही ओळखलं नाही. कुणाचं तरी अनोळखी, गुणी कुत्रं आलंय म्हणून त्यांनी नगर परिषदेच्या भटके प्राणी कार्यालयाला फोन केला आणि गाडी येऊन तिला घेऊन गेली. बैठकीत आमची शेजारीण डोरासुद्धा होती.

"अगं, तुलाही कळलं नाही?" मी विचारलं.

"कसं कळणार, विल्फ? माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती! नेटल असं करेल का?"

मग डोरानेच मला गाडीत घालून शहरातल्या त्या कार्यालयात नेलं. तिथले अधिकारी मिस्टर प्रिंगल दक्षिणेकडून नुकतेच बदलून आलेले, अतिशय नम्र. त्यांनी नेटलच्या मानेत बसवलेली ओळखीची चिप यंत्राने वाचून ठेवली होती.

"मालकीण हिल्डा टेलफर," ते म्हणाले. "त्यांना पाठवून द्या."

"ती चर्चमागे पुरलीय, साहेब."

"ऐकून वाईट वाटलं. मग त्यांचं संमतीपत्र?"

डोराने माझा दंड धरला नसता तर काय झालं असतं, सांगत नाही.

प्रिंगल पुढे म्हणाले, की मालक हजर नसल्यास दावेदाराला दुसरा मार्ग खुला आहे. हरवलेल्या प्राण्याची जात आणि सापडलेल्या प्राण्याची जात एकच आहे, हे रूप व स्वभाव या दोन्ही अंगांनी सिद्ध करायचं. कुत्री हरवल्याच्या तक्रारीत मी लिहिलं होतं बॉर्डर टेरियर. त्यांच्या पिंजऱ्यावर लिहिलं होतं 'लहान, तपकिरी, समाधानी'.

"पण ती मला ओळखते," मी म्हणालो. नेटल जाळीतून माझी बाही चाटत होती.

"कुत्र्याने माणसाला ओळखणं नियमात बसत नाही," प्रिंगल म्हणाले. "त्यात कुत्र्याचे हितसंबंध गुंतलेले असतात."

ओळख पटवायला मिसेस फेनविकना बोलावलं. या बाईंनी आयुष्यभर प्रदर्शनांत टेरियरांना बक्षिसं दिली आणि टेरियरवाल्यांना शत्रू करून घेतलं. येतानाच त्या म्हणाल्या, "बॉर्डर आहे. चहा कुठंय?"

"मॅडम, मत नको. निकष हवेत," प्रिंगल म्हणाले आणि त्यांनी निकष वाचले. डोकं पाणमांजरासारखं हवं. छाती इतकी अरुंद, की खांद्यामागून साधारण माणसाच्या दोन पंजांच्या कवेत मावावी. शिकारीत घोड्यामागे धावता यावं. आणि स्वभाव लढाऊ.

"पाणमांजर कुणी पाहिलंय?" त्यांनी विचारलं. आम्ही तिघांनी हात वर केले. "कार्यालयाने पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

तेव्हा समोरच्या पबमधून पेंढा भरलेलं पाणमांजर उसनं आणलं. पेंढा भरणाऱ्याने त्याला का कुणास ठाऊक, हसवलं होतं. टेबलावर एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला नेटल. प्रिंगल या तोंडाकडून त्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे हसतंय," शेवटी ते म्हणाले. "कुत्री हसत नाही. साम्य अंशतः."

मग छाती. प्रिंगलच्या नाजूक हातांची बोटं एकमेकांना पोचेनात. मिसेस फेनविकची पोचून वर चढली. कार्यालयाच्या गाडीच्या ड्रायव्हरने कव घातली तर आत आणखी एक कुत्रं मावेल एवढी जागा उरली.

"प्रश्न साधारण माणसाचा आहे," प्रिंगल म्हणाले. "असा माणूस सध्या आमच्या नोकरीत नाही. जाहिरात द्यावी लागेल."

"माझे हात बघा की," मी म्हणालो.

"तुम्ही दावेदार. तुम्ही साधारण नाही."

घोडा मिसेस फेनविकनी घरून आणवला. तो म्हातारा होता. अंगणात आणल्यावर तो जागचा हलेना, म्हणून नेटलही हलेना. प्रिंगलनी याची नोंद 'तूर्त घोड्यामागेच आहे' अशी केली. तेवढ्यात नेटल कंटाळून फाटकाकडे निघाली आणि घोडा तिच्यामागे चालू लागला. अंगणाला पूर्ण फेरी झाली. पुढे कुत्री, मागे घोडा, त्याच्या मागे कागद घेऊन प्रिंगल.

"यावरून एवढंच सिद्ध होतं," धापा टाकत ते म्हणाले, "की घोडा टेरियर असू शकतो."

राहिला स्वभाव. प्रिंगलनी नेटलच्या तोंडासमोर बोट नाचवलं. तिने चाटलं. शेपटी धरून पाहिली. तिने जांभई दिली. त्यांनी मान हलवत पेनाचं टोपण काढलं. ही शेवटची नोंद झाली की नेटल दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाणार होती, समाधानी कुत्री म्हणून.

"विल्फ," डोरा माझ्या कानाशी म्हणाली, "हिल्डासारखा ओरड."

"मी?"

"मग कोण, तो घोडा?"

मी जन्मात त्या आवाजात ओरडलो नव्हतो. आमच्या घरी ते खातं हिल्डाकडे होतं. पण तिचे शब्द मला पाठ होते. मी डोळे मिटले आणि जेवढा आवाज होता तेवढा बाहेर काढला. "नेटल! सटवे! भवाने! सोड ते आधी!"

तिने काहीच धरलेलं नव्हतं. ती चूक तिने लगेच दुरुस्त केली. टेबलावर उडी मारून तिने पाणमांजराचा गळा धरला आणि ते असं झटकलं, की पेंढा छताला लागला. मग प्रिंगलची पँट, मग निकषांचा कागद, मग पुन्हा पाणमांजर. भुंकणं असं, की घोडा एकटाच घरी गेला. डोरा खुर्चीवर चढून ओरडत होती, "नेटल! अरे, ही तर आपली नेटल!"

आणि मी हसलो. वसंतानंतर पहिल्यांदा. हसता हसता भिंतीला टेकलो, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना.

प्रिंगलनी डोक्यावरचा पेंढा काढला. "स्वभाव सिद्ध," त्यांनी लिहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आता दावेदाराची ओळख. तक्रारीत आपण शोकग्रस्त पती असं लिहिलंय."

"आहे."

त्यांनी खूण केली. मिसेस फेनविकनी सवयीने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि खांद्यावरून हात फिरवला. "खांदे पडलेले. कोटाला इस्त्री नाही, बटण तुटलेलं. डोळे खोल. जातीचा उत्तम नमुना."

"रूप ठीक आहे," प्रिंगल म्हणाले. "पण स्वभाव? हे आत्ता हसत होते, मॅडम. शोकग्रस्त माणूस असा हसत नाही."

"तुम्ही किती पाहिलेत?" डोरा म्हणाली.

"कार्यालयाने पाहिलेले नाहीत."

निकाल असा झाला, की कुत्री बॉर्डर टेरियर आहे, मी विधुर असल्याचं सिद्ध झालेलं नाही. सबब कुत्री नोंदणीकृत मालकिणीच्या पत्त्यावर पोचवावी. तो पत्ता माझाच होता. नेटल परिषदेच्या गाडीत ऐटीत पुढे बसून निघाली आणि मी डोराच्या गाडीतून मागून, त्या घोड्यासारखा.

दारात ड्रायव्हरने विचारलं, "मिसेस टेलफर आहेत का?"

"नाहीत."

"बरं," तो म्हणाला आणि नेटलला सोडलं. आत शिरताना ती त्याला चावली.

ही गोष्ट मी गावात सांगतो तेव्हा लोक आधी पोट धरून हसतात. मग एकदम गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघतात, मी किती हसतोय ते. तुम्हीही आत्ता तेच बघत असाल. बघा. निकष असतील तर तेही आणा.

नेटल आता रोज भुंकते आणि मी तिच्यावर रोज ओरडतो. चिपवर अजून हिल्डाचंच नाव आहे. ते बदलायचं राहिलंय.