नऊ आकड्यांचा नंबर

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी काहीही पाठवलं, की पाच मिनिटांच्या आत त्याला सरवदेबाईंचा फोन येतो. नमस्कार नाही, कसे आहात नाही. पहिलं वाक्य एकच. "नंबर लावून बघितलात का?"

मेसेजखाली फोन नंबर असेल तर पुढे पाठवण्याआधी तो लावून बघायचा, हा बाईंचा कायदा. हरवलेलं मूल, सापडलेलं पाकीट, फुकट चष्मेवाटप, काहीही येवो, बाई स्वतः नंबर लावतात आणि ग्रुपवर निकाल देतात. "मेलेला आहे." माणूस नव्हे, मेसेज. ज्या हरवलेल्या पोराचा फोटो तुम्ही काल हात जोडून पाठवलात, ते पोरगं दुसऱ्या दिवशीच सापडलं होतं आणि आता कॉलेजात जातंय. त्याच्या बापाला अजून फोन येतात, तो रडकुंडीला आलाय. "लाज वाटू द्या की जरा!" इथे निकाल संपतो.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी सोलापूरला साऱ्या मुलखाशी जोडून दिलं. फॉरवर्ड हा शब्द त्या वापरत नाहीत. त्या म्हणतात 'ढकलणं'. "आम्ही जोडायचो. तुम्ही अंगठ्यानं नुसतं ढकलताय. बला टळली, चला!"

एकदा पवारकाकांनी कुठल्याशा पाल्यानं शुगर कायमची जाते, असा मेसेज ढकलला. खाली वैद्यांचा नंबर. बाईंनी लावला. "वैद्यबुवा, तुमची स्वतःची शुगर किती हो?" पलीकडून बारीक आवाजात, "मी गोळ्या घेतो." हा संवाद बाईंनी शब्दन् शब्द ग्रुपवर टाकला. पवारकाका आठवडाभर फिरायला बाहेर पडले नाहीत.

अकरा जणांना पाठवा नाहीतर देव कोपेल, असल्या मेसेजखाली नंबर नसतो. तिथे बाई पाठवणाऱ्यालाच धरतात. "देवाचा नंबर दे. मी बोलते त्याच्याशी."

ग्रुपच्या अ‍ॅडमिननं त्यांना दोनदा काढून टाकलं. दोन्ही वेळा बाई त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "घाल आत." त्यानं घातलं.

खरं सांगायचं तर मलाही त्यांचा राग यायचा. बाईंना उद्योग नाही, दुसरं काय, असं मी बायकोला म्हणायचो. मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. मला उद्योग होता. तरीही येईल तो चांगला मेसेज सात ग्रुपवर पाठवायला मी वेळ काढायचो. ही माझी समाजसेवा.

मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी मेसेज आला. 'तातडीनं बी निगेटिव्ह रक्त हवं. बाळंतपणाचं ऑपरेशन आहे. सोलापूर. कृपया संपर्क करा.' खाली नंबर. मी चहा पिता पिता सातही ठिकाणी पाठवला. अकरापर्यंत तोच मेसेज मला आणखी पाच ग्रुपवरून परत आला. प्रत्येकाखाली जोडलेले हात. बरं वाटलं. गाव किती जागरूक आहे, असं वाटलं.

बाराच्या सुमाराला ऑफिसात फोन वाजला.

"शेटे, नंबर लावून बघितलात का?"

"बाई, मी कामात आहे."

"आकडे मोजा. मोजा म्हणते ना! मोठ्यानं."

मी मोजले. नऊ. पुन्हा मोजले. नऊच.

"सकाळपासून अख्ख्या सोलापुरात फिरतोय हा," बाई कडाडल्या. "आणि एकाला कळलं नाही एक आकडा कमी आहे म्हणून. का? कारण एकानंबी लावला नाही! दवाखान्याचं नाव नाही, पेशंटचं नाव नाही, आणि सगळे हात जोडून बसलेत. कुणापुढं जोडलेत हात? भिंतीपुढं?"

मी म्हणालो, "मग आता काय करणार? कुठला आकडा राहिला, कसं कळणार?"

"कळलं. लोक डबल आकडा घाईत एकदाच लिहितात. तीस वर्षं बघितलंय मी. एकेक आकडा डबल करून लावत गेले. सातव्यांदा लागला. माणूस वळसंगचा आहे. बायकोचं उद्या सकाळी ऑपरेशन. दोन पिशव्या पाहिजेत, एक मिळाली. सकाळधरनं फोन हातात धरून दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा आहे. मला म्हणाला, 'बाई, एकबी फोन न्हाय आला वो. लोकांनी वाचलं न्हाय का?' काय सांगू त्याला?"

मी तो मेसेज पुन्हा उघडला.

"आणि शेटे, तुमचं रक्त कुठलं?"

पाच महिन्यांपूर्वी कॉलनीत रक्तदान शिबिर झालं होतं. प्रमाणपत्र हातात धरून काढलेला माझा फोटो मीच ग्रुपवर टाकला होता. त्यावर ठळक लिहिलेलं होतं. बी निगेटिव्ह.

माझ्या अंगातल्या रक्तासाठी आलेली हाक मी चहा पिता पिता सात ग्रुपवर ढकलून दिली होती.

"रिक्षा घेऊन तुमच्या गेटवर उभी आहे मी," बाई म्हणाल्या. "या."

रक्तपेढीपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तिथे तो माणूस आला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "सायब, तुमी देवावानी आलाव." मला त्याचे हात सोडवून पळून जावंसं वाटत होतं. बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "देव बिव काही नाही. उशिरा आलाय तो. जा, बायकोजवळ बस."

ऑपरेशन नीट झालं. मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी गेल्या. बाईंनी ग्रुपवर निकाल टाकला, "जिवंत आहे." माझं नाव लिहिलं नाही. तो उपकार होता की शिक्षा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तीनेक आठवड्यांनी तो माणूस कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन माझ्याकडे आला. बाईंचा वाटा द्यायला मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. आत बाई फोनवर बोलत होत्या. आवाज मी ओळखलाच नाही, इतका मऊ.

"जेवलीस ना? खोटं बोलू नकोस. गोळी? मग घे की आधी. मी थांबते, घे."

खरंच थांबल्या. पलीकडे कुणीतरी गोळी घेईस्तोवर फोन कानाला धरून बसल्या. मग "बरं, ठेवते" म्हणून वळल्या तर दारात मी.

"बहीण का?" मी विचारलं.

"नाही." बाई चक्क गडबडल्या. "रॉंग नंबर. त्या दिवशी तो नंबर शोधताना चौथ्यांदा हिला लागला. कुठं केम गावाच्या बाजूला राहते. म्हातारी आहे, एकटीच. म्हटलं, चुकून लागला, ठेवते. तर म्हणते, 'चुकून का असंना, लागला की. बोल की दोन मिन्टं.' मला तर घाई. म्हटलं उद्या लावते. म्हटलं होतं, मग लावायला नको?"

"तेव्हापासून रोज?"

"रोज तीनला."

"नाव काय त्यांचं?"

"विचारलं नाही. तिनंबी नाही विचारलं."

मी चटणीचा डबा टेबलावर ठेवला. बाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या. एकटं घर, एक खुर्ची, चार्जरला कायम लावलेला फोन. या घरातून जाणारे फोन सगळ्या कॉलनीला माहीत होते. येणाऱ्यांचा विचार आम्ही कुणी केलाच नव्हता.

"आज माझा डोळा लागला हो," बाई जरा वेळानं म्हणाल्या. "तीन वाजून गेले. तर तिकडनं तिनंच लावला. म्हणाली, आज फोन नाही आला, काळजी वाटली."