५०२० ची जोडीदार

तांबोळी मॅडम आधी गाडीची नंबरप्लेट बघतात, माणसाचा चेहरा नंतर. सावेडीत त्यांच्या वरच्या मजल्यावर मी राहायला आलो, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्या माझ्या मोटारसायकलपुढे वाकल्या. "४०२७. मूळ संख्या. एकाने भाग जातो, नाहीतर स्वतःने. तिसऱ्याला घरात प्रवेश नाही. लग्न जमत नसेल तुझं!"

जमत नव्हतंच.

मॅडमनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आता एकट्या असतात. मी पाथर्डीकडचा, आई-बाप ऊसतोडीला जायचे, घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी कुणी न विचारताही सांगतो. मॅडमनाही सांगितलं. तेव्हापासून माझं नाव 'बी.कॉम.'

त्यांची रीत अशी : एखाद्या संख्येला तिच्याहून लहान ज्या-ज्या संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्या सगळ्यांची बेरीज करायची. दूधवाल्याची गाडी २०४८, बेरीज २०४७. "एकाने हुकली. तरीच माप घोटभर कमी भरतं!" आम्हा दोघांच्या घरमालकाची ९०००, बेरीज दुपटीच्याही वर. "उधळी संख्या. पोराच्या लग्नात बघ कसा मांडव घालतो ते."

स्वतःची जुनी स्कूटर ५०२०. तिची बेरीज ५५६४. आणि ५५६४ ची बेरीज फिरून ५०२०! "याला मैत्री म्हणतात, बी.कॉम. एकीच्या पोटात दुसरी."

रस्त्यावर ५५६४ दिसली की मॅडम मागे सुटल्याच. एकदा मला मागे बसवून एका स्कूटरवाल्याला थेट एमआयडीसीपर्यंत पळवला. त्याच्याकडे हेल्मेट नव्हतं, त्याला वाटलं पोलीसच. शेवटी तो हात जोडून थांबला. मॅडमनी गाडीभोवती चक्कर मारली.

"ही नव्हे."

"नंबर तोच की, मॅडम!"

"तू गप्प बस."

परवा गावी गेलो, तर पाथर्डीत एका भेळेच्या गाड्यामागे ५५६४ उभी. फोटो पाठवला. लगेच फोन. "डाव्या बाजूला पोचा आहे का रे?"

होता.

मॅडम त्या वयात, त्या स्कूटरवर, पाथर्डीपर्यंत आल्या. भेळवाला आधीच सावध झाला. "बाई, इकायची न्हाई हां. लई गुनाची गाडी हाय."

"विकत नको मला. शेजारी लावू का थोडा वेळ?"

त्यांनी ५०२० तिला अगदी चिकटवून उभी केली. ओढणीने दोन्ही सीटं पुसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "नलू आणि मी. एकाच स्टाफरूममध्ये उभा जन्म गेला. गाड्या एकाच दिवशी घेतल्या, नंबर आरटीओत मागून घेतले. ती गेली, आणि पोरांनी गाडी विकून टाकली. मला विचारलंही नाही."



मॅडमनी पोच्यावर हात ठेवला. "हा माझ्याच गाडीने पडलाय. शाळेच्या फाटकातून आधी आत कोण शिरणार, त्यावरून रोज भांडण."

भेळवाला विरघळला. "मंग असं करतो बाई, गॅरेजात नेऊन सरळ करून घेतो तेवढा."

"नको!" मॅडम ओरडल्याच. मग हळूच म्हणाल्या, "राहू दे रे. तेवढा राहू दे."