धक्क्याची उंची

आयुष्यात मी एकच मासा विकत घेतला, आणि तो एका भल्या माणसाच्या गळाला अडकवून समुद्रात सोडला. मासा जिवंत असता तर निदान पुण्य तरी लागलं असतं. पण तो पोट साफ केलेला, बर्फात गोठून लाटण्यासारखा ताठ झालेला, आणि शेपटीवर सुपरमार्केटचं स्टिकर मिरवणारा होता. ते स्टिकर काढायचं मी विसरले. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार विनोदी समजत असे. आता सत्तरी उलटली तरी ती समजूत पुरती गेलेली नाही. पण त्या माशाची आठवण झाली की तासभर तरी मी गप्प बसते. घरच्यांना तेवढाच आराम.

तो भला माणूस म्हणजे पेडणेकर. नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या बाजूला राहत होतो. ह्यांची नोकरी जहाजदुरुस्तीच्या गोदीत, आणि आमच्या बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, पेडणेकर. मूळचे वेंगुर्ल्याचे. जन्मभर जहाजावर चीफ इंजिनिअर, बायको कधीच वारलेली, आता बंदरात जहाजं तपासायचं काम. एकटा, सज्जन, निर्व्यसनी माणूस. व्यसन एकच. कॅनडातल्या कुठल्याशा धक्क्यावर उभं राहून सॅमन मासा पकडायला कुठली काठी, कुठलं रीळ, कुठली दोरी न्यावी, हे ठरवणं.

"काठी नाही हो वहिनी, रॉड. काठी म्हाताऱ्यांची," असं ते मला दरवेळी सुधारत.

पकडणं नव्हे, ठरवणं. सहा वर्षं ते ठरवतच होते.

मी साताऱ्याच्या शाकाहारी घरातली. लग्नापर्यंत मासा फक्त पंचांगातल्या मीन राशीच्या चित्रात पाहिलेला. पण ह्यांनी पहिल्याच वर्षी हुशारीनं अंग काढून घेतलं आणि सॅमनच्या सामानाची सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली. शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजली की समजायचं. दारात पेडणेकर, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट, खिशात मोजपट्टी.

"वहिनी, नवा माल आलाय. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं ते काम जेवायच्या वेळेपर्यंत चाले. दुकानातला चिनी अंकल आम्हाला पाहिलं की आधी कपाळाला हात लावी आणि मग स्टूल पुढे करी. स्टूल माझ्यासाठी. पेडणेकर उभ्यानं रॉड वाकवून बघत. साडेआठ फुटी घेतला की नऊ फुटी बरा वाटे, नऊ फुटी घेतला की विमानात कसा न्यायचा हा प्रश्न येई. दोन तुकड्यांचा दाखवला की जोडावर मोडेल अशी भीती. दोरा बारा पौंड ताण सोसणारा की पंधरा पौंड? बारा घेतला तर मोठा मासा तोडून जाईल, पंधरा घेतला तर मासा दोरा बघून पळेल.

"त्याला एवढं दिसतं?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, सॅमन आहे तो! रावस नव्हे."

अंकलला हे सगळं इतकं पाठ झालं होतं की एकदा तो वैतागून म्हणाला, "मिस्टर, सिंगापूर नो सॅमन, लाह! सॅमन ओन्ली सुपरमार्केट!" त्या बिचाऱ्याला काय माहीत, माझ्या डोक्यात त्यानं काय पेरलं ते.

सॅमनला म्हणे गुलाबी रंग आवडतो. पाण्यात गरगरत खाली जाणारे चपटे धातूचे तुकडे असतात, त्यांना मासा फसतो, आणि ते गुलाबी हवेत. इथं माझी विद्वत्ता कामाला येई. पेडणेकर काचेवर सात तुकडे मांडत आणि साडीच्या दुकानात आल्यासारखे विचारत, "यातला राणी कुठला आणि डाळिंबी कुठला?" मी सांगे. ते वहीत लिहून घेत. मग दोन राणी आणि दोन डाळिंबी घेत.

सगळं दोन-दोन. रॉड दोन, रिळं दोन, डबे दोन. मी म्हटलं, "अहो, एका माणसाला दोन हातच असतात. दोन रॉड धरल्यावर रीळ कशानं फिरवणार?" ते म्हणाले, "असू दे. जहाजावर प्रत्येक पंप दोन असतात." बरं, दुसरं रीळ विकत घेतलं की ते तिथंच काउंटरवर त्याचा स्क्रू काढत, हँडल डावीकडून उपसून उजवीकडे बसवत, चार वेळा फिरवून बघत आणि मगच पिशवीत टाकत. अंकल आणि मी एकमेकांकडे बघत असू. चांगल्या वस्तूची ही उठाठेव कशाला? पण त्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं तर अर्धा तास जाई.

आणि जाळं! धक्का पाण्यापासून उंच असतो. मासा नुसत्या दोऱ्यानं वर ओढला तर दोरा तुटतो. म्हणून कडी असलेलं गोल जाळं दोरीनं खाली सोडायचं, मासा त्यात घ्यायचा आणि वर उचलायचा. हे ज्ञान मला कसं झालं? एका सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून एक जाळं संथपणे खाली गेलं. मागोमाग वरून आवाज आला, "वहिनी, खाली जाताय का? एक कलिंगड ठेवा जरा यात!"

मी ठेवलं. सहा किलोचं, माझंच. मूर्ख कोण, ते वाचकांनी ठरवावं. दुसऱ्या मजल्यापर्यंत ते राजासारखं वर गेलं. मग जाळ्याला गिरकी बसली आणि कलिंगडानं पहिल्या मजल्यावरच्या बांबूवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर उडी घेतली. चादरीवाल्या बाई तणतणत वर आल्या तेव्हा पेडणेकर त्यांच्यासमोर दोन्ही हात जोडून उभे होते आणि मला हळूच सांगत होते, "दोरी पुरली बघा. कडी एकऐवजी तीन ठिकाणी बांधायला हवी."

एवढं सगळं करून घोडं अडायचं ते एकाच जागी. दोरी किती फूट घ्यायची?

"सगळं धक्क्यावर आहे, वहिनी. तिथला धक्का किती उंच, ते कळल्याशिवाय काही खरं नाही."

"मग विचारा ना मिलिंदला!"

"विचारलंय."

मिलिंद हा त्यांचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी तो कॅनडाला नोकरीला गेला, तेव्हा त्यानं पत्रात एक ओळ लिहिली होती: घराजवळ एक धक्का आहे, तिथं लोक सॅमन पकडतात, जमलं तर या. पेडणेकरांनी उलट टपाली विचारलं होतं, ओहोटीला धक्का पाण्यापासून किती उंच असतो? त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या पत्रात पुन्हा विचारलं. मुलाकडून वर्षाला एक शुभेच्छापत्र येई, त्यात दोन ओळी. उंची नसे.

मी तेव्हा चिडून म्हणे, "अहो, शंभर फूट दोरी घ्या आणि तिकीट काढा!" ते खिशातली मोजपट्टी चाचपत आणि म्हणत, "अंदाजानं जाऊन कसं चालेल?"

तर त्यांची साठी आली. मी ठरवलं, या माणसाला एकदाचा सॅमन पकडू द्यायचा आणि आपली सुटका करून घ्यायची. रविवारी सकाळी आम्ही तिघं बेडोकच्या धक्क्यावर गेलो. ते नेहमीच सरावाला जात. एक रॉड पाण्यात, दुसरा, त्या उलट्या हँडलचा, शेजारी कठड्याला टेकवून उभा. त्याचा दोरा कधीच पाण्यात नसे आणि त्याला हात लावू देत नसत. ह्यांनी एकदा उचलला होता तेव्हा पेडणेकरांनी तो हळूच काढून घेतला होता. "तो राहू दे."

पेडणेकर कॉफी आणायला गेले. मी पिशवीतून मासा काढला.

"तू शाकाहारी आहेस," हे म्हणाले.

"मी खाणार थोडीच आहे? गुंडाळा तो दोरा, लवकर!"

शेजारी गळ टाकून बसलेल्या एका मलाय आजोबांनी हसत हसत गळ माशाच्या जबड्यात नीट बसवून दिला. माझ्याच्यानं ते झालं नसतं. आम्ही मासा पाण्यात सोडला आणि साळसूदपणे समुद्राकडे बघत उभे राहिलो.

पेडणेकर आले. रॉड धनुष्यासारखा वाकलेला. कॉफीचे तिन्ही पेले त्यांच्या हातून खाली पडले.

"गे बाय माझे! वहिनी, जाळं! जाळं सोडा!"

पुढची दहा मिनिटं मी ते साठ वर्षांचे आहेत हे विसरून गेले. गुडघे वाकवून, ओठ चावून, मध्येच ढील देऊन ते त्या गोठलेल्या माशाशी झुंजत होते. माणसं गोळा झाली. जाळ्याच्या तीन दोऱ्या ह्यांनी धरल्या, मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि जाळं वर आलं. त्यात सॅमन, ताठ. पोटाला उभी चीर. शेपटीवर पिवळं स्टिकर.

मी फोटो काढला. सगळा धक्का हसला. मलाय आजोबा तर खालीच बसले. मी सगळ्यांत जोरात हसत होते.

पेडणेकर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी माशाकडे बघितलं, खिशातून मोजपट्टी काढली, मासा मोजला आणि म्हणाले, "अठ्ठावीस इंच. जाळं बरोबर आहे." मग दुसऱ्या रॉडवर उडालेले पाण्याचे थेंब रुमालानं पुसले आणि तो पिशवीत घातला.

परतताना बागेतल्या वाटेवर त्यांनी सांगितलं. न विचारता, आणि पहिल्यांदाच थोडक्यात. मिलिंद नऊ वर्षांचा असताना सुट्टीत आईबरोबर जहाजावर आला होता. जहाज कॅनडाच्या एका बंदरात लागलं. धक्क्यावर लोक सॅमन पकडत होते. पेडणेकर म्हणाले, उद्या सकाळी आपण दोघं पकडू. रात्री जनरेटर बंद पडला. ते दोन दिवस इंजिनरूममधून वर आलेच नाहीत. पोरगं दोन्ही सकाळी कुणाचा तरी मागून आणलेला रॉड घेऊन धक्क्यावर उभं राहिलं. मग जहाज निघालं. पुढं आई गेली, मिलिंद मामाकडे वाढला, आणि वडील आठ-आठ महिने समुद्रावर.

"त्यानंतर त्यानं माझ्याकडे काही मागितलं नाही, वहिनी. एकदम ती ओळ आली, जमलं तर या. आता पुन्हा चुकून चालणार नाही."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि पश्चात्ताप झाला की माझ्यासारखी बाई काय करते? दुसरा आगाऊपणा. शुभेच्छापत्राच्या पाकिटावरचा पत्ता पेडणेकरांच्या टेबलावरून मी उतरवून घेतला आणि मिलिंदला पत्र लिहिलं. माझा गुन्हा कबूल केला, कलिंगडाचंही सांगितलं, खाली आमचा फोन नंबर लिहिला, आणि सोबत तो फोटो घातला. पेडणेकर, मासा, आणि मागे कठड्याला टेकलेला दुसरा रॉड. पेडणेकरांना यातलं काही बोलले नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी फोन आला. मी कणीक भिजवत होते.

"काकू, मिलिंद पेडणेकर बोलतोय. फोटो मिळाला."

"अरे, मासा आधीच मेलेला होता हं!"

"हो, स्टिकर दिसतंय." तो हसला नाही. थेट बापावर गेला होता. "काकू, मागे जो रॉड आहे ना, त्याच्या रिळाचं हँडल उजवीकडे आहे. दुकानातूनच तसं आलंय का?"

"छे रे! दुकानातून डावीकडेच येतं. तुझे बाबाच दरवेळी उपसून फिरवतात. सहा वर्षं बघतेय. आम्ही विचारायचं सोडून दिलं."

 

"मी डावखुरा आहे," तो म्हणाला. "डावखुऱ्याचा रॉड डाव्या हातात असतो, म्हणून हँडल उजवीकडे लागतं. मामाकडे मला मारून-मुटकून उजव्या हातानं जेवायला शिकवलं. आता कुणाला कळतही नाही. बाबांना... ते होतेच कुठे, काकू?"

"जहाजावर होतास ना तू सुट्टीत? तेव्हा बघितलं असेल."

 ठेवतो म्हणाला आणि ठेवला.

मी कपाळ बडवून घेतलं. गोठलेला मासा कमी पडला म्हणून आता ही भर! आठ दिवस जिन्यात पेडणेकरांची चाहूल लागली की मी दार लावून घेत होते. शनिवारी त्यांनी घंटा वाजवली, तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. ते दारातूनच म्हणाले, "बरं, बरं. दोरीचंच बघायचं होतं. त्याची काही घाई नाही."

आणि रविवारी सकाळी पुन्हा फोन वाजला. रस्त्यावरचा फोन असावा, मागे वारा घोंगावत होता आणि पक्षी ओरडत होते. त्यानं नाव सांगितलं नाही, मी कशी आहे तेही विचारलं नाही. धाप लागल्यासारखा बोलला:

"काकू, बाबांना सांगा, ओहोटीला एकवीस फूट. मी स्वतः दोरी सोडून मोजलंय."