मारोतरावकाकांचा धागा

मूर्खपणे मी आयुष्यात ढीगभर केले. नातवंडांना विचारा, तोंडपाठ आहेत त्यांना. पण सगळ्यांत मोठा त्यांनाही ठाऊक नाही. मी मारोतरावकाकांना पुरावा मागितला.

काका आमचे घाटंजीचे शेजारी. सरकी काढायच्या जिनात कापूस पारखायचे. गाडीवाला म्हणे, "काकाजी, असा कापूस सात गावांत नाही!" काका चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी बघत आणि म्हणत, "ते तुह्यं मत झालं. धागा दाखव."

घरीही तीच पारख. आमच्या आळीत रेडिओ अजून यायचा होता; काकांकडे तबकड्या वाजवायचा चाबीचा फोनो होता. सांजेला माणसं जमत. कुणी "आज आवाज गोड लागून राह्यला" म्हटलं, की काका दोरीवर धोतर टांगत, फोनो त्याच्या आड नेत आणि सुया बदलबदलून वाजवत. "आता सांग, कवा गोड अन् कवा नाही."

मी नवी सून, यवतमाळची; म्हणजे माझ्या मते विलायतेचीच. माहेरून फोनोच्या सुयांची डबी आणली आणि जाहीर केलं, "आमच्या सुईनं गाणं मधावानी लागते!" धोतर टांगलं गेलं. पाच वेळा डोळे मिटून, मान डोलवून मी ओरडले, "हीच! हीच माह्यी सुई!" काकांनी डबी पुढे धरली. तिच्यावरचा कागदसुद्धा फाटला नव्हता. आळी आठवडाभर हसली.

मी डूख धरला. काकांचंही एक मत होतंच की! गिरजाकाकू गेल्यापासून ते रोज शेवटी एकच जुनी तबकडी लावत. तिला चरा गेलेला. तिथे सुई खट्कन उडायची. तरी काका म्हणत, "हिच्याइतकी गोड तालुक्यात नाही." मी भावाकडून तेच गाणं कोरं करकरीत मागवलं. धोतर या खेपेला मी टांगलं, काकांना पलीकडे बसवलं.

आधी नवी लावली आणि कडेने डोकावले. चऱ्याची जागा आली तसं काकांनी बोट वर केलं. खट् झालंच नाही. बोट तसंच हवेत राहिलं.

मग जुनी लावली. खट्! बोट खाली आलं आणि काका शेजारच्या रिकाम्या चटईकडे बघून हसले.

"दुसरी गोड," ते म्हणाले.

"काहून? खरखरते, अडखळते! काकाजी, धागा दाखवा!" मी आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं.

"तो चरा गिरजाच्या बांगडीचा हाय," काका हळूच म्हणाले. "सुई उडली का ती हासे."

मी धोतर ओढून काढलं, नवी तबकडी पदराखाली लपवली. काकांनी जुनीवर फुंकर मारली, कागदात सरकवली आणि अपराध्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"इथं धागा नाही, सूनबाई. हे आपलं माह्यं मत हाय."