दोन थॉमस आणि एक कबर

आमच्या क्लूनकार गावात कोणाचा पणजोबा कोणाच्या कुंपणावरून पडून मेला हे जाणून घ्यायचं असेल, तर माणसानं सरळ माझ्याकडे यावं. मी फिंटन मल्वी. चौतीस वर्षं इथं सायकलवरून टपाल वाटलं, आता निवृत्त झालो आणि स्थानिक इतिहास मंडळाचा सचिव आहे. मंडळात सभासद पाच. त्यातले दोघे हॉलमध्ये हीटर असतो म्हणून येतात, पण ते सोडा. गावाच्या इतिहासाचं पुस्तकही मीच लिहिलंय! दोनशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या एकशे चाळीस आमच्या जिन्याखाली आहेत. माझी बायको अट्रॅक्टा त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.

तर मार्चमध्ये मला अमेरिकेतून, बफेलोहून, पत्र आलं. लॉरेन नावाच्या बाईचं, वय एकाहत्तर. तिचे वडील वॉल्टर मॅकीअन हिवाळ्यात शहाण्णवाव्या वर्षी गेले. जाताना एकच म्हणाले, मला क्लूनकारला आपल्या माणसांत ठेव. पण माणसं कोण, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांचे आजोबा थॉमस इथून अमेरिकेला गेले, जन्म १८६२, बापाचं नाव फ्रान्सिस, आईचं ब्रिजिट, एवढंच काय ते ठाऊक. लॉरेनला मूलबाळ नाही, नवराही गेलेला. ‘बाबांसाठी करायचं एवढं एकच काम माझ्या हातात उरलंय, आणि ते चुकू नये असं वाटतं,’ असं तिनं लिहिलं होतं.

मी अट्रॅक्टाला म्हणालो, “बाई योग्य माणसाकडे आलीय.”

अट्रॅक्टा म्हणाली, “चष्मा घेऊन जा.”

आता यातली गोम सांगतो. क्लूनकारमध्ये मॅकीअनांची अकरा घरं. आमच्याकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं. त्यामुळे शंभरेक वर्षं गावात नवीन नाव शिरलंच नाही. जिथे तिथे फ्रान्सिस, थॉमस, ब्रिजिट! म्हणून घरांना टोपणनावं पडली. टेकडीवाले मॅकीअन, शिंपी मॅकीअन, लाल मॅकीअन, बदकवाले मॅकीअन. ही नावं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात, पण ज्याची त्याच्या तोंडावर कोणी घेत नाही. मी पुस्तकात घालणार होतो, तर बदकवाल्यांनी वकिलाची नोटीस पाठवली. चर्चच्या नोंदवहीत तर ती नसतातच.

मी फादर एमेकांकडे गेलो. ते नायजेरियाचे, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेले. त्यांनी बाप्तिस्म्याची जुनी वही टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेले. चहा यायच्या आत मला थॉमस सापडला! १८६२, मार्च महिना, बाप फ्रान्सिस, आई ब्रिजिट. टेकडीवाल्यांचा थॉमस, दुसरं कोण? टेकडीवरच्या फेस्टसच्या आजोबांचा एक भाऊ थॉमस विशीत घर सोडून गेला आणि पुन्हा त्याचा पत्ता लागला नाही, हे मला ठाऊक होतं. मी वही फाटकन मिटली.

“एवढ्यात झालं?” फादर कप घेऊन दारात उभे.

“फादर, याला अनुभव म्हणतात,” मी म्हणालो.

तिथून थेट टेकडीवर. फेस्टस मॅकीअन, वय ब्याऐंशी, लग्न केलेलं नाही, घरात तो आणि एक कुत्रा. बोलणं इतकं कमी की कुत्राही कंटाळलेला. मी सगळी हकीकत सांगितली. तो फाटकाला धरून उभा राहिला.

“थॉमसची खबर आली म्हणतोस?”

“त्याच्या पणतीकडून. ती येतेय, वडिलांची रक्षा घेऊन. तुमच्या घराण्याच्या कबरीत ठेवायची म्हणते.”

“आजा माझा मरेपर्यंत पोस्टमन दिसला की या फाटकाशी यायचा,” फेस्टस म्हणाला. “थॉमसचं पत्र असेल म्हणून. मग बाप यायचा. तुझ्याच वेळेला होता की तो.”

होता. बारा वर्षं मी त्या म्हाताऱ्याच्या हातात बिलं दिली. तो रोज तिथं का उभा असतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला गलबलून आलं, आणि आपण किती मोठं काम करतोय या विचारानं छातीही फुगली.

मग गाडं सुटलं ते सुटलंच. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेनंतर मी वेदीजवळून जाहीर केलं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मथळा आला, ‘एकशे चाळीस वर्षांनी टेकडीवर परत’, शेजारी माझा फोटो. फेस्टसनं घराला चुना काढला, फाटकाला हिरवा रंग दिला, नवी टोपी घेतली. आई गेल्यापासून बंद असलेली बैठकीची खोली उघडली. शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे कबर खणून दिली. अकॉर्डियनवाले स्वतःहून म्हणाले, आम्ही वाजवणार. अख्ख्या गावात एकही माणूस म्हणाला नाही, फिंटन, जरा थांब.

मे महिन्यातल्या शनिवारी लॉरेन आली. बारीक, नीटनेटकी बाई. रक्षेचा डबा पिशवीत, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. कबरीशी फादरांनी प्रार्थना म्हटली. डबा खाली गेला तेव्हा फेस्टसनं टोपी काढली आणि म्हणाला, “ये बाबा. उशीर केलास.”

लॉरेनला हुंदका आवरेना. सगळं गाव रडलं. सगळ्यांत जास्त मी रडलो!

नंतर शेजारच्याच हॉलमध्ये चहा, हॅमची सँडविचं, रुबार्बचा टार्ट. दीडशे माणूस. मी दोन शब्द बोलायला उठलो आणि बारा मिनिटं बोललो. मग लॉरेन उभी राहिली. म्हणाली, “तुम्ही मला माणसं दिलीत. माझ्याकडे द्यायला काही नाही. पणजोबांनी घरून नेलेली ही एकच वस्तू आहे, ती फेस्टसना द्यावी म्हणते.” आणि तिनं पर्समधून एक पितळी अंगुस्तान, शिवताना बोटात घालतात ते, काढून टेबलावर ठेवलं. वरून उघडं, झिजून पातळ झालेलं.

दीडशे माणसं आपापल्या सँडविचमध्ये डोकावून पाहू लागली, जणू आत काहीतरी छापलंय. बायका वापरतात ते अंगुस्तान वरून बंद असतं. उघडं वापरतो तो शिंपी. आणि टेकडीवाल्यांत सुईदोऱ्याला कधी कोणी शिवलेलं नाही.

तरी मी नेट धरला. “त्या काळी अंगुस्तान घरोघरी असायचं,” मी म्हणालो. “हो ना, फेस्टस?”

“माझी आई बटण तारेनं लावायची,” फेस्टस म्हणाला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कन्सेप्टा मॅकीअन उठली. वय चौऱ्याहत्तर, शिंप्यांच्या घरातली. शिंप्यांचं आणि टेकडीवाल्यांचं एक्कावन्न वर्षं बोलणं नाही. टेकडीवाल्यांच्या शेतातून चर्चकडे एक जवळची वाट जाते, ती कोणाची, यावरून. तेव्हापासून कन्सेप्टा प्रत्येक मिस्सेला आणि प्रत्येक अंत्यविधीला दीड मैलाचा वळसा घालून येते, पण येते.

ती संथपणे पुढे आली, अंगुस्तान उचललं, मधल्या बोटात घातलं. “हे आमच्या घरातलं,” ती म्हणाली. “थॉमसला त्याच्या बापानं बोटीवर चढताना दिलेलं.”

मी चर्चच्या कचेरीकडे पळालो. सदुसष्टाव्या वर्षी माणसानं असं पळू नये. माझ्यामागे लॉरेन, तिच्यामागे अर्धा हॉल. फादर एमेकांनी वही उघडली. मार्च महिना, थॉमस, फ्रान्सिस, ब्रिजिट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जे केलं नव्हतं ते केलं. पान उलटलं. एप्रिल महिना. थॉमस, बाप फ्रान्सिस, आई ब्रिजिट. सात आठवड्यांच्या अंतरानं, दुसरं घर, तीच तिन्ही नावं!

मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली.

“म्हणजे मी बाबांना परक्यांत पुरलं?” लॉरेननं विचारलं. आवाज अगदी हळू होता.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “सगळी माझी. तुमच्या पत्रातलं चुकू नये ते एकच काम मी चुकवलं.” हे बोलताना कान तापले होते, खोटं कशाला सांगू.

मग मी कन्सेप्टाकडे वळलो. “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“तू वेदीजवळून सांगितलंस तेव्हापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू विचारलंस? चौतीस वर्षं तू आमच्या दारात येतोस आणि आमच्याच घराचा इतिहास आम्हाला सांगून जातोस. आणि वर्तमानपत्रात फोटो आलेल्या माणसाला पाहुणीसमोर खोटं पाडायचं म्हणजे बरं का दिसतं?”

मागे उभी असलेली सगळी मंडळी माना डोलावत होती. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं! भिडेखातर अख्खं गाव चुकीच्या कबरीशी उभं राहून रडलं होतं. कबर खणणाऱ्यांनीही त्याच भिडेनं फावडं चालवलं होतं.

“सोमवारी कबर उघडा,” कन्सेप्टा म्हणाली. “आमचा माणूस आमच्यात यायला हवा.”

“माझ्या कबरीला फावडं लावून तर बघ,” दारातून फेस्टस म्हणाला.

एक्कावन्न वर्षांत त्यानं तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यावर ती जे बोलली ते फादरांसमोर बोलायचं नव्हतं. त्यानं वाटेचं काढलं, तिनं त्याच्या बापाचं काढलं. मी मध्ये पडलो तर दोघं मिळून माझ्यावर घसरले. गोंधळात लॉरेन निघून गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. फेस्टसच्या आलं. तो बोलता बोलता थांबला आणि बाहेर पडला.

ती कबरीशी उभी होती. आम्ही सगळे चार हात मागे थांबलो. फेस्टस तिच्याजवळ गेला, टोपी हातात.

“पोरी,” तो म्हणाला. एकाहत्तर वर्षांच्या बाईला. “इथं एक जागा आमच्या थॉमससाठी राखलेली होती. आजानं राखली, बापानं राखली. तो आता येत नाही, हे मला आज कळलं. कुठंतरी परक्यांच्यातच त्याला ठेवलं असणार. तिथल्या कोणीतरी सरकून जागा दिली असेल ना त्याला?”

“दिली असेल,” लॉरेन म्हणाली.

“मग तुझ्या बाबांना आम्ही दिली तर काय बिघडलं? कन्सेप्टा म्हणत असेल तर मी अडवणार नाही. पण मला तो इथं असलेला आवडेल.”

लॉरेननं त्याचा हात धरला, आणि मग ती मागे वळून कन्सेप्टाकडे पाहत राहिली. “मला काल एकही नातेवाईक नव्हता,” ती म्हणाली. “आज बाबांसाठी दोन घरं भांडतायत. बाबांना हे फार आवडलं असतं. राहू दे ना त्यांना इथं?”

कन्सेप्टानं नाक पुसलं. मग फेस्टसला म्हणाली, “आमचा माणूस तुमच्यात झोपणार, तर दर रविवारी त्याला फुलं घालायला मी कोणत्या वाटेनं यायचं?”

फेस्टस हातातली टोपी फिरवत राहिला; मी बोलणारच होतो, तेवढ्यात अट्रॅक्टानं माझ्या पायावर पाय ठेवला.

“शेतातल्या वाटेनं,” तो म्हणाला. “फाटक पक्कं लावून घेत जा. कुत्रा पळतो.”

आता दर रविवारी कन्सेप्टा टेकडीच्या शेतातून येते. लॉरेन ऑगस्टमध्ये पुन्हा आली, पंधरा दिवस शिंप्यांकडे आणि पंधरा दिवस टेकडीवर राहिली. कोणाकडे जास्त जेवली यावरून दोन घरांत नव्यानं वाद आहे, पण तो समोरासमोर चालतो.

मीही सुधारलो. कोरी वही घेऊन कन्सेप्टाच्या स्वयंपाकघरात गेलो, गुडघे जुळवून बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न विचारला. ती तीन तास बोलली. माझ्या पुस्तकातली एकेचाळीस पानं बाद झाली. उठता उठता मी सहज म्हटलं, “आणि आम्हा मल्वींबद्दल काही?”

ती जरा घुटमळली. “जूनमध्ये कबरींना आशीर्वाद देतात, त्या रविवारी तू दफनभूमीतल्या जुन्या यू झाडाखालची कबर घासूनपुसून फुलं वाहतोस ना?”

“पणजोबांची. दरवर्षी.”

“तो लाँगफर्डचा घोड्यांचा दलाल. जत्रेला आला आणि इथंच गेला. तुझी माणसं भिंतीकडेला आहेत, खाजकुयलीखाली.”

मी घरी आलो. अट्रॅक्टा इस्त्री करत होती. मी तिला सांगितलं. तिनं मान वर केली नाही, तेव्हा मला शंका आली.

“तुला माहीत होतं?”

“लग्न झालं त्या वर्षीपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होते,” ती म्हणाली, “पण तू मला त्या माणसाचा संपूर्ण जीवनवृत्तांत सांगत होतास.”