पाच विती, दोन बोटं

माझ्या लेकीचं माप मला पाठ आहे. छाती बत्तीस, खांदा चौदा. वही लागत नाही, टेप लागत नाही, झोपेतून उठवून विचारा. बावीस वर्षं मी दहिवलीत ब्लाउज शिवते आहे, आणि सुंदराच्या हातचा ब्लाउज काखेत काचला असं सांगत एकही बाई माझ्या दारात आलेली नाही. म्हणजे एक आली होती, पण ती बाळंतपणानंतर लग्नातला ब्लाउज मापाला देऊन गेली होती. त्याला मी काय करणार?

तर माझी अपेक्षा तीन वर्षांपूर्वी जर्मनीला गेली. तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. दर रविवारी फोनवर दिसते. पहिल्या वर्षी आम्ही तासभर बोलायचो, आता ती ड्युटीला निघता निघता बोलते. मागे पांढरी भिंत असते आणि भिंतीपुढे तिचं तोंड, एवढीच लेक मला आठवड्याला मिळते. गळ्याच्या खाली ती कशी दिसते, हे मला तीन वर्षांत धड कळलेलं नाही.

नोव्हेंबरात एकदा ती म्हणाली, "आई, इथले कोट माझ्या मापाचे नसतातच गं. बाह्या बोटांच्या खाली जातात. दुमडून घालते मी."

झालं! आई अर्ध्या गावाला कपडे शिवते आणि पोरगी परमुलखात बाह्या दुमडून हिंडते. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की कोट मी शिवणार, आणि तोही माझ्या स्वतःच्या कटिंगचा.

आता खरं सांगायचं तर मी जन्मात कोट शिवलेला नव्हता. कर्जतच्या क्लासमध्ये आमच्या बाईंनी तो धडाच गाळला होता. आपल्याकडे थंडी पंधरा दिवसांची, त्यातही दुपारी पंखा लागतो, कोट शिवून घालायचा कुणाला, असं त्यांचं म्हणणं. पण मी विचार केला, कोट म्हणजे काय? पुढून उघडा आणि गुडघ्यापर्यंत आलेला ब्लाउजच की. ब्लाउजचं कटिंग माझ्या हातात बसलेलं आहे, ते फक्त खाली खेचायचं.

कापडही घरातच निघालं. आमचे हे मोहोपाड्याच्या कारखान्यात तीस वर्षं होते. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल, नारळ आणि डबल बेडचं राखाडी लोकरी ब्लँकेट दिलं होतं. ते ब्लँकेट पाच वर्षं डांबराच्या गोळ्यांसकट कपाटात पडून होतं. मी ते बाहेर काढलं तेव्हा ह्यांनी एकदा त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काप. पोरीलाच जायचंय ना."

घाई एवढ्यासाठी होती की शेलूचा योगेंद्र, तोही तिकडेच नोकरीला, सुट्टीवर आला होता आणि पुढच्या रविवारी परत निघणार होता. एक पिशवी नेईन म्हणाला, पण दोन किलोच्या वर एक ग्रॅम नको. ही संधी हुकली तर हिवाळा संपेपर्यंत दुसरं कुणी जाणार नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, माप पाठ होतं तर अडलं कुठं? अडलं असं की तिथे ती दोन-दोन स्वेटर घालते. कोट त्याच्यावरून बसायला हवा. म्हणून मी तिला स्वेटर घालून माप घ्यायला सांगितलं. तिच्याकडे टेप नव्हती. विकत आणते म्हणाली, पण तिची सुट्टी चार दिवसांनी, तोवर माझं कापायचं कधी? मी म्हटलं, हाताला वीत आहे ना! आपल्या आज्या-पणज्यांनी चोळ्या काय टेप लावून बेतल्या? मग अपेक्षाने अंगाभोवती ओढणी गुंडाळली, ती ओढणी पलंगावर पसरून वितीने मोजली आणि मला सांगितलं. छाती पाच विती, दोन बोटं. उंची पाच विती, चार बोटं. बाही तीन विती. खांदा दोन. मी सगळं वहीत उतरून घेतलं.

फोन ठेवल्यावर हॉलमध्ये वर्तमानपत्रं खळीने जोडून अंथरली आणि वीत टाकायला बसले, तर माझी वीतच उघडेना. बावीस वर्षं कात्री धरून अंगठा आखडून बसलाय. जास्त ताणला की कळ थेट कोपरापर्यंत जाते. मग कुणाच्या हाताने मोजायचं? मी अजिबात गोंधळले नाही. अपेक्षा सगळी बापावर गेली आहे. नाक बापाचं, कपाळ बापाचं, एकदा नाही म्हटलं की नाही, तेही बापाचंच. मग हात काय शेजाऱ्याचा असणार? मी ह्यांना हाक मारली.

आमचे हे सहा फूट उंच. कारखान्यात पिंपं हलवून पंजे परातीएवढे झालेले. ते गुडघ्यांवर बसून कागदावर एकेक वीत टाकत गेले आणि मी पेन्सिलने खुणा करत गेले. खिसेसुद्धा मी त्याच हिशोबाने आखले, एक वीत रुंद, एक वीत खोल. थंडीत हात नीट आत जायला हवेत.

सगळं झाल्यावर मी टेप लावली. छाती सत्तेचाळीस!

इथे कुठल्याही शहाण्या बाईने थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, आणि का थांबले नाही ते सांगते. मला आनंद झाला होता. तीन वर्षं रोज रात्री मी ह्यांना विचारत होते की पोरगी जेवली असेल का, आणि ते म्हणत होते की जेवली असेल. इथे कागदावर पुरावाच आला. पोरगी जेवते आहे, नुसती जेवत नाही तर चांगली भरली आहे, चीज-बटर अंगाला लागलं आहे. तो सत्तेचाळीसचा कागद देवासमोर ठेवून त्यावर साखर ठेवायची तेवढी बाकी होती.

चार दिवसांत कोट उभा राहिला. आत माझ्या जांभळ्या साडीचं अस्तर लावलं. खुंटीवर टांगला तेव्हा मागची खिडकी झाकून गेली.

शुक्रवारी तो पिशवीत घालून मी वजन करायला चांगोच्या किराणा दुकानात नेला. काटा सव्वातीन किलोवर गेला. चांगोने पिशवी काढून पुन्हा ठेवली, तरी सव्वातीन. मग त्याने कोट बाहेर काढून पसरला. नेमक्या तिथे गोदूबाई तूरडाळ घ्यायला आलेल्या. ह्या माझ्या चुलत सासूबाई, वय पंच्याहत्तर, नजर पंचविशीची. त्यांनी कोटाच्या खांद्यावर एक हात ठेवला, दुसऱ्या खांद्यावर दुसरा ठेवला आणि मान हलवली.

"सुंदरे, ह्यो पोरीचा कोट नाय. ह्यो बाप्याचा कोट हाय."

मी म्हटलं, आत्या, अपेक्षाने स्वतः माप दिलंय. त्या नुसत्या चांगोकडे बघून हसल्या, डाळ घेतली आणि गेल्या. गोदूबाई बोलल्या नाहीत की समजावं, आता सगळं गाव बोलणार.

संध्याकाळी हे स्टेशनकडे फेरी मारून आले. चहा ठेवला तो तसाच निवला. मग खुंटीवरच्या कोटाकडे बघत म्हणाले, "नाव काय त्याचं?"

"कुणाचं?"

"जावयाचं."

मला आधी हसू आलं. दहिवलीत चार वाजेपर्यंत ठरलं होतं की अपेक्षाने तिकडे एक सत्तेचाळीस छातीचा गोरा गडी बघितला आहे, आणि सासू गुपचूप त्याला कोट शिवून पाठवते आहे. मी ह्यांना म्हटलं, लोकांना काय काम आहे! पण म्हणता म्हणता माझंच हसू आटलं. कोटाचे खांदे मलाही दिसत होतेच की. पोरीने दुसऱ्याच कुणाच्या अंगाला ओढणी गुंडाळून मला माप दिलं असेल तर? मी ती गुंडाळताना कुठं बघितली होती? मला तर नुसतं तोंड दिसत होतं.

आम्ही दोघं कोटासमोर बसून राहिलो. ह्यांना त्या गोऱ्या गड्याचा राग नव्हता आला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आपल्याला सांगाया काय झालं तिला? आमी काय खाल्लं असतं त्याला?" आणि त्यांचा आवाज असा झाला की मी उठून पंखा उगाचच मोठा केला.

शेवटी फोन लावला. अपेक्षा ड्युटीला निघाली होती, डोक्यावर टोपी होती. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलं, "तो मासं खातो का?"

"कोण, बाबा?"

ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि काय झालं ते सांगायला लागले, तर ती म्हणाली, आधी कोट दाखव. खुंटीवरचा कोट फोनमध्ये मावेना. मग ह्यांनाच तो अंगावर चढवायला लावला, म्हणजे तिला नीट दिसेल. डिसेंबरातसुद्धा घामाच्या धारा लागल्या त्यांना. पण कोट काय बसला! खांदा खांद्यावर, बाही मनगटावर, उंची गुडघ्याच्या खाली, कुठे एक सुरकुती नाही. बावीस वर्षांत इतकं चोख काम माझ्या हातून झालं नव्हतं.

अपेक्षा हसली, इतकी हसली की डोळे पुसायला लागली. म्हणाली, "आई, हा बाबांचा कोट आहे. वीत कुणाची लावलीस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ह्यांच्या पंजाकडे बघितलं. ह्यांनी स्वतःच्या पंजाकडे बघितलं आणि तो खिशात घातला.

मग प्रश्न आला, हिची वीत केवढी? तिने पंजा उघडून फोनसमोर धरला, पण फोनमध्ये हात लांब धरला की लहान आणि जवळ आणला की मोठा. मी म्हटलं, काहीतरी आपल्याकडची वस्तू घे. ती आत गेली आणि पोह्यांची डिश घेऊन आली. आमच्या सहाच्या स्टीलच्या सेटातली, मागे ह्यांचं नाव कोरलेली. जाताना मीच तिच्या बॅगेत घातली होती. त्या डिशवर तिने वीत टाकली. अंगठा एका काठाला, करंगळी दुसऱ्या काठाला, बरोबर बसली.

मी मांडणीतून तिची जोडीदार डिश काढली आणि टेप लावली. सात इंच.

पाच विती म्हणजे पस्तीस, दोन बोटांचा दीड. साडेछत्तीस. त्यातून दोन जाड स्वेटरांचे साडेपाच इंच वजा केले तर राहिली एकतीस. पुन्हा केलं, पुन्हा एकतीस. जाताना बत्तीसची होती. भरली वगैरे काही नव्हती, उलट इंचभर वाळली होती पोर, आणि मी चार दिवस साखर वाटायच्या तयारीत! ती पलीकडे विचारत होती, आई, काय झालं, आवाज जातोय का? मी म्हटलं, हो, रेंज नाही. रेंज चांगली होती.

शनिवारी सकाळी मी सगळा कोट उसवला. नवीन वर्तमानपत्रं जोडली, डिश ठेवून एकेक वीत आखली आणि बेतून पुन्हा शिवला. मोठ्याचा लहान करता येतो, ही एक देवाची कृपा. फक्त खिसे तसेच राहिले. उसवले असते तर ब्लँकेटवर टाक्यांची भोकं दिसली असती. त्या एवढ्याशा कोटावर ते खिसे भिंतीवरच्या दोन कॅलेंडरांसारखे दिसत होते. चांगोच्या काट्यावर दोन किलोला वीस ग्रॅम कमी भरले. योगेंद्र रविवारी घेऊन गेला.

गुरुवारी फोटो आला. पहिल्यांदाच डोक्यापासून पायापर्यंतचा. मागे बर्फ आणि मध्ये माझी लेक, केवढीशी. खांदा बरोबर, बाही मनगटावर, कुठेही दुमडलेली नाही. खाली लिहिलं होतं, आई, सगळं मस्त बसलंय, फक्त खिशात हात घातले की कोपरापर्यंत आत जातात.

मी ह्यांना म्हटलं, बघा, तुमच्या वितीचे खिसे, शोभा झाली पोरीची. हे फोटो बघत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"खिसं बरोबर हायेत," ते म्हणाले. "त्यांना हात लावू नको."

गोदूबाईंना मी फोटो मुद्दाम घरी जाऊन दाखवला. त्या म्हणाल्या, पोरगी वाळली गं. मी म्हटलं, तो कोटच अंगाबरोबर आहे आत्या, म्हणून तसं दिसतं. गावात जावयाची चौकशी अजून होते. मी नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही.

आणि लेकीचं माप मला पाठ आहे, हे मी आजही सगळ्यांना सांगते. फक्त ती डिश आता मांडणीत नसते, माझ्या मशीनच्या खणात असते. हे पोह्यांना डिश मागतात तेव्हा मी त्यांना वाटी देते.