बांधात गेलेले पत्ते

आमच्या शिरवळच्या ऑफिसातले तात्या सर्व्हरला हाक मारतात. नवा आयपी पत्ता जोडला की पिंग पाठवायचं, म्हणजे त्या पत्त्यावरून कोणी ओ देतंय का ते बघायचं, एवढंच काम. जगभर लोक ते मुकाट्याने करतात. तात्या एंटर दाबताना मोठ्याने विचारतात, "हाय का?" आणि स्क्रीनवर उत्तर उमटलं की सर्व्हरच्या वतीने स्वतःच सांगतात, "हाय!" मुंबईत ठेवलेला तो सर्व्हर तात्यांच्या गावचं, अस्सल पलूसचं बोलतो, हे त्याच्या मालकांना ठाऊक नसावं.

तात्या सैन्यातून निवृत्त झालेले. फोन कायम स्पीकरवर. गुप्तता त्यांनी गणवेशाबरोबरच जमा केली असावी.

मी घरातला पहिला पदवीधर. पदवी विद्यापीठाने दिली, सबनेट, म्हणजे पत्त्यांचे गट पाडणं, तात्यांनी शिकवलं. पुस्तकातलं ते प्रकरण मला पाठ होतं, कळलं मात्र नव्हतं. तात्या म्हणाले, "आठ पत्त्यांचा गट म्हंजे रान, गड्या. पयला आन् शेवटचा पत्ता बांधात जातो. एक वाटंला, म्हंजे गेटवेला. आठातलं ऱ्हायलं पाच. तेवढंच कसायचं."

पहिल्याच आठवड्यात मी मास्क चुकवला. मास्क म्हणजे आपलं रान कुठवर, ते सांगणारा आकडा. माझ्या कृपेने आमचा सर्व्हर शेजारच्या अडीचशे पत्त्यांना आपलेच समजू लागला.

"पदवी घिऊन आला आन् लोकाच्या रानात नांगर घातला!" तात्यांनी अख्ख्या ऑफिसला ऐकवलं. मग शेजारी बसून आकडा माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतला. साहेबांना मात्र त्यांनी सांगितलं की चूक आपली. हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात लोणंदच्या दोन भावांचा निरोप आला. आमच्याकडे सांभाळायला त्यांचा एकच सर्व्हर, त्यावर आठ पत्त्यांचा एक गट. धंदा वेगळा झाला, आता पत्तेही वेगळे हवेत. एकाच्या शेजारी दुसऱ्याचा पत्ता नको. साहेबांनी उदार मनाने होकार दिला. साहेबांना सबनेट शिकायची वेळ कधी आली नव्हती.

तात्या अडून बसले. थोरल्याला फोन लावून म्हणाले, "आवं, दोन तुकडं केलं तर चार पत्तं बांधात जातील, दोन वाटंत. दोघांच्या हातात एकेक ऱ्हाईल. आज पाच हायती, मिळून वापरा की."

"एक असू दे," थोरला स्पीकरवर गरजला, "पण माझा असू दे!"

धाकट्यानेही अक्षरशः तेच सांगितलं. वाटणीनंतर दोघांचं एवढं एकमत पहिल्यांदाच झालं असावं.

साहेब येऊन म्हणाले, "तात्या, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत करा. नाहीतर उद्यापासून पुण्याचा माणूस बसवतो. तो सर्व्हरशी गप्पा मारत नाही."

तात्यांनी तुकडे पाडले. पिंग गेलं, उत्तर आलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, की कुणाच्या वतीने काही सांगितलं नाही.

"तात्या, पत्तेच तर होते," मी शहाणपणा केला. "एवढं का लागलं तुम्हाला?"

"पलूसला आमी बी दोघं भाऊ," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. "बांध कुठनं घालायचा, त्यावरनं बोलणं तुटलं. नऊ वर्सं झाली. बांध हाय अजून. लय रुंद झालाय."

मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि एकेक आकडा दाबून नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. नेहमीप्रमाणे स्पीकर चालू. पलीकडे कुणीतरी उचलला. लांबून पाण्याच्या मोटरीचा आवाज येत होता.

"हाय का?" तात्यांनी विचारलं.

इतका वेळ गेला की पिंग असतं तर मी पत्ता बंद आहे असं लिहून मोकळा झालो असतो.

"हाय," पलीकडून आवाज आला. "तू हायस का रं?"

तात्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. तसं करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.